वाचनालयाचं जँगो ॲप ठेवायचं कुठे?

पत्र असं आहे: "आमचं तालुक्याच्या गावातलं ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. सभासद सहाशे, देवघेवीच्या टेबलावर तीन माणसं. जँगोचं (पायथॉनमधली वेब-ॲपची चौकट) अधिकृत ट्युटोरियल करून मी एक ॲप तयार केलं. त्यात दाखल नोंदवही आहे, देवघेव आहे, पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो आहेत, आणि वीझीप्रिंट वापरून वर्गणीची मराठी पावती पीडीएफमध्ये निघते. डेटाबेस एसक्यूलाइट. माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. वाचनालयाने वेबसाइटसाठी तीन वर्षांचं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) आधीच घेऊन ठेवलंय, पण त्यावर काही केल्या हे ॲप चालेना. एक मित्र म्हणतो सरळ ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस घे, दुसरा म्हणतो रेंडर नावाची होस्टिंग सेवा फुकट आहे. कार्यकारी मंडळ महिन्याला सातशे रुपये मंजूर करेल असं दिसतं. काय घेऊ?"

आधी उत्तर, मग कारणं. दोन आठवडे पायथॉनएनीव्हेअर या पायथॉन ॲप चालवणाऱ्या सेवेच्या फुकट खात्यावर चाचणी करा. मग १ जीबी रॅमचा एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर, ज्यावर सगळे अधिकार आपले) घ्या, बेंगळुरू किंवा मुंबईच्या डेटा सेंटरमधला. शेअर्ड होस्टिंग सोडू नका, त्याचा उपयोग खाली सांगितला आहे.

होस्टिंग निवडताना बहुतेक जण किंमत बघतात किंवा नाव बघतात. बघायचं असतं ते आपलं ॲप काय काय मागतं ते. तुमचं ॲप तीन गोष्टी मागतं. एक, डिस्कवर लिहिलेलं उद्याही तिथेच राहायला हवं, कारण एसक्यूलाइट म्हणजे शेवटी एक फाइल, आणि मुखपृष्ठांचे फोटोही फाइलीच. दोन, वीझीप्रिंट नुसत्या पिपने (पायथॉनची पॅकेजं बसवणारी आज्ञा) चालत नाही. त्याला पँगो ही लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बसवलेली लागते आणि देवनागरी फॉन्टही सर्व्हरवर लागतो. तीन, संध्याकाळी गर्दीच्या वेळी ॲप झोपलेलं चालत नाही. आता एकेक पर्याय या तिघांवर घासून बघू.

रेंडरची फुकट सेवा १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपते. पुढचा जो येईल त्याला ती जागी होईपर्यंत मिनिटभर ताटकळावं लागतं. हे एक वेळ चालवून घेता येईल. खरा घात डिस्कचा आहे. तिथली डिस्क तात्पुरती असते: नवा कोड चढवला, सेवा झोपून उठली किंवा यंत्र बदललं, की तुम्ही गिटमधून चढवलेल्या स्थितीला सगळं परत जातं. म्हणजे सोमवारी दिवसभर पन्नास पुस्तकं दिली, मंगळवारी सकाळी नोंदी गायब, आणि एरर म्हणाल तर कुठेच नाही. ॲप शांतपणे जुना डेटाबेस दाखवत राहतं. नवशिके इथे तासन् तास कोडमध्ये चूक शोधतात, आणि कोडमध्ये चूक नसतेच. डेटा पोस्टग्रेस या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये ठेवला तर हा प्रश्न सुटतो, पण रेंडरचा फुकट पोस्टग्रेस ३० दिवसांनी मुदत संपून बंद होतो, आणि फोटोंसाठी वेगळी साठवण शोधावी लागतेच. पैसे भरून कायमची डिस्क मिळते, पण सेवा आणि डिस्क दोन्हींचे मिळून व्हीपीएसपेक्षा जास्त जातात. हेरोकू या तशाच सेवेची डिस्कही अशीच, आणि त्यांची फुकट योजना नोव्हेंबर २०२२मध्येच बंद झाली. जुनी ट्युटोरियलं ती अजून फुकट म्हणून सांगतात, तिकडे लक्ष देऊ नका.

एडब्ल्यूएस वाईट नाही, पण पहिल्या ॲपसाठी तो राजवाडा भाड्याने घेण्यासारखा प्रकार आहे. भाडं एकच नसतं. यंत्राचे वेगळे, डिस्कचे वेगळे, फेब्रुवारी २०२४पासून सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याचे तासाला अर्धा सेंट वेगळे, म्हणजे नुसत्या पत्त्याचेच महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. प्रयोग म्हणून चालू केलेली आणि विसरलेली एखादी सेवा महिनाअखेरीस बिलात उगवते. त्यांच्याकडेच राहायचं असेल तर लाइटसेल घ्या. मुंबईत मिळतं, दर ठरलेला असतो, आणि वागायला साध्या व्हीपीएससारखंच आहे.

आता तुमच्या शेअर्ड होस्टिंगबद्दल. सीपॅनेल (होस्टिंगचं नियंत्रण पॅनेल) उघडून 'सेटअप पायथॉन ॲप' असा पर्याय आहे का बघा. नसेल तर ते होस्टिंग पीएचपीसाठी आहे, विषय संपला. असेल, तर तुमचं ॲप तिथे पॅसेंजर नावाच्या सर्व्हरमार्फत चालतं, आणि मग आवृत्त्यांची गोम समोर येते. तुम्हाला नेमकं काय आडवं आलं ते पत्रात नाही, पण नेहमीचे तीन अडथळे असे. पहिला, पायथॉन जुना. पायथॉन ३.६ असेल तर 'पिप इन्स्टॉल जँगो' तक्रार न करता जँगो ३.२ बसवतं, कारण त्या पायथॉनवर चालणारी ती शेवटची मालिका. तुम्ही नव्या, समजा ५.२वर लिहिलेला कोड मग भलत्याच ठिकाणी मोडतो. दुसरा, 'एसक्यूलाइट अमुक ऑर लेटर इज रिक्वायर्ड, फाउंड ३.७.१७' अशा अर्थाचा संदेश. तो दिसला की समजायचं, खाली सेंटओएस ७ आहे, ज्याची मुदत जून २०२४मध्ये संपली. तिसरा, एसक्यूलाइटऐवजी तिथला मारियाडीबी डेटाबेस घ्यावा तर तो १०.५च्या आधीचा, जँगो ५.२ तो घेत नाही. आणि हे तिन्ही ओलांडलेत तरी पँगो बसवायला रूटचा (सर्व्हरच्या मालकाचा) अधिकार लागतो, तो शेअर्डवर मिळायचा नाही. अर्थात, पावती पीडीएफऐवजी साध्या एचटीएमएल पानावरून ब्राउझरने छापायची तयारी असेल, आणि आवृत्त्या नव्या असतील, तर शेअर्डवरही हे ॲप चालवता येईल. पण शिकायचंही आहे असा तुमच्या पत्राचा सूर आहे, म्हणून तो रस्ता सुचवत नाही.

पायथॉनएनीव्हेअरवर चाचणी कशाला? कारण तिथे लिनक्स आहे, डिस्क टिकते, आणि एनजिनएक्स, सिस्टिमडी वगैरे सर्व्हरची यंत्रणा न शिकता 'लॅपटॉपवर चालतं' आणि 'सर्व्हरवर चालतं' यांतला फरक दिसतो. फरक नेहमीचे आहेत. विंडोजला 'लोगो.पीएनजी'चं विस्तारनाव मोठ्या लिपीत आहे की छोट्या, याची फिकीर नसते. लिनक्सला असते, आणि चित्र ४०४ होतं. 'पिप फ्रीझ'ने बनवलेल्या यादीत पायविन३२सारखं फक्त विंडोजचं पॅकेज शिरलेलं असतं आणि लिनक्सवर ती यादी मध्येच अडते. ती ओळ काढून टाका. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (ॲपची पॅकेजं वेगळी ठेवणारा) फोल्डर लॅपटॉपवरून उचलून नेऊ नका, तो तिथेच नव्याने बनवा.

मग सेटिंग्ज. 'डीबग' फॉल्स करा. केलात की लगेच दोन गोष्टी होतील. पानावर नुसतं 'बॅड रिक्वेस्ट ४००' दिसेल, कारण 'अलाउड होस्ट्स' रिकामं आहे. त्यात डोमेनचं नाव घाला, पुढे एचटीटीपीएस न लावता. दुसरं, ॲडमिनचं पान उघडंबोडकं, रंगरूप गेलेलं दिसेल. घाबरू नका. डीबग बंद असताना रनसर्व्हरही स्टॅटिक फाइली देत नाही आणि दुसरं कुणी देईल अशी जँगोची अपेक्षा असते. 'स्टॅटिक रूट' ठरवा, 'कलेक्टस्टॅटिक' चालवा, आणि पायथॉनएनीव्हेअरच्या वेब टॅबवर 'स्टॅटिक'चा पत्ता त्या फोल्डरशी जोडा. फोटोंच्या 'मीडिया'साठी तशीच दुसरी ओळ. कोड बदलल्यावर 'रीलोड'चं हिरवं बटण दाबायला विसराल, सगळेच विसरतात.

तिथे कायम राहा असं का म्हणत नाही? फुकट खात्यावर स्वतःचं डोमेन लावता येत नाही, आणि बाहेरच्या जगाशी बोलायला ठरावीक साइटींचीच परवानगी असते. मुदत संपलेल्या पुस्तकांचे एसएमएस पाठवायचं डोक्यात असेल तर गेटवेला केलेली हाक 'टनेल कनेक्शन फेल्ड: ४०३ फॉरबिडन' म्हणून परत येईल. (एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांकडे करायची डीएलटी नोंदणी आणि मजकुराच्या साच्याची मंजुरी लागते, ते काम होस्टिंगपेक्षा जास्त वेळ खातं. लवकर सुरू करा.)

आता व्हीपीएस. डिजिटलओशनचं बेंगळुरूतलं १ जीबीचं यंत्र महिन्याला ६ डॉलरला आहे, वर १८ टक्के जीएसटी. सातशेत बसतं. ४ डॉलरचं ५१२ एमबीचं यंत्रही मिळतं, पण ते घेऊ नका: पिपने एखादं जड पॅकेज बसवताना मेमरी संपते आणि पडद्यावर नुसतं 'किल्ड' असा एक शब्द येतो. १ जीबीवरही पहिल्याच दिवशी १ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा, आणि तिची ओळ 'एफएसटॅब'मध्ये घाला, नाहीतर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती नसेल.

उबुंटू २४.०४ निवडा, त्यात पायथॉन ३.१२ येतो आणि जँगो ५.२ला तो चालतो. ५.२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, एप्रिल २०२८पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. दुरून करायचं लॉगिन एसएसएच किल्लीने करा, पासवर्डचं लॉगिन बंद करा. फायरवॉल चालू करण्याआधी 'ओपनएसएसएच'ला परवानगी द्यायची, नंतर नाही. क्रम चुकला तर कुलूप लावून किल्ली घरात, अशी गत होते. मग कंपनीच्या पॅनेलमधल्या कन्सोलमधूनच आत जाता येतं.

ॲप तुमच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. सगळी ट्युटोरियलं तिथेच ठेवायला सांगतात, आणि उबुंटू २१.०४पासून होम फोल्डर दुसऱ्यांना बंद असतो. एनजिनएक्स 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने चालतो, त्याला आत डोकावता येत नाही. मग पान येतं, पण रंगरूप नाही, आणि लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'. मूळच्या 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये 'वाचनालय' नावाचा फोल्डर करून त्यात कोड, एन्व्हायर्नमेंट, स्टॅटिक, मीडिया सगळं ठेवलं की ही डोकेदुखी उरत नाही. पिप थेट चालवलात तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून उबुंटू नकार देईल. बरोबर करतो तो. आधी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा, मग पिप.

रचना अशी असते: समोर ब्राउझरच्या मागण्या घेणारा एनजिनएक्स, मागे पायथॉन चालवणारा गुनिकॉर्न, त्याच्या पोटात जँगो. रनसर्व्हर इथे वापरायचा नाही, तो विकासापुरता आहे आणि जँगोवालेच तसं बजावतात. गुनिकॉर्न सिस्टिमडीच्या (उबुंटूत सेवा सुरू ठेवणारा कार्यक्रम) सेवेतून चालवा, म्हणजे वीज गेल्यासारखं यंत्र बंद पडून पुन्हा उठलं तरी तो आपोआप उठेल. वर्कर, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या त्याच्या प्रती, किती? नेहमीचं गणित सीपीयू गुणिले दोन अधिक एक, म्हणजे तुमच्या एका सीपीयूला तीन. तुम्ही दोनच ठेवा. पीडीएफ बनवताना वर्करची मेमरी फुगते आणि १ जीबीत तिघांनी एकदम फुगणं परवडणारं नाही. तीन टेबलांच्या देवघेवीला दोन भरपूर झाले.

बिघडतं तेव्हा आकडा वाचा. '५०२ बॅड गेटवे' म्हणजे एनजिनएक्स जिवंत आहे, मागचा गुनिकॉर्न नाही. 'जर्नलसीटीएल'मध्ये त्याचा लॉग बघा, बहुतेक वेळा एखादा मॉड्यूल सापडत नसतो किंवा सिक्रेट की वाचता आलेली नसते. '४१३' म्हणजे एनजिनएक्सने अपलोड नाकारलं. त्याची मूळ मर्यादा फक्त १ एमबी आहे आणि मोबाइलने काढलेला मुखपृष्ठाचा फोटो तीन-चार एमबीचा सहज होतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' १० एमबी करा. फोटो जतन करताना पिलो या चित्रांच्या लायब्ररीने लहान करून घेतलात तर आणखी बरं, मुखपृष्ठाला आठशे पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली.

वार्षिक यादीसारखं मोठं पीडीएफ काढताना मात्र वेगळंच नाट्य होतं. गुनिकॉर्न ३० सेकंद वाट बघतो आणि वर्करला मारतो. लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट', पडद्यावर ५०२. मग आपण ती मुदत १२० करतो, आणि आता ६० सेकंदांनी ५०४ येतो, कारण तेवढ्यात एनजिनएक्सचा धीर सुटलेला असतो. दोन्हीकडे मुदती वाढवत बसण्यापेक्षा ती यादी मॅनेजमेंट कमांडमधून रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) बनवा आणि सकाळी नुसती डाउनलोडला ठेवा. क्रॉन लावताना लक्षात घ्या, सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. रात्रीचे दोन म्हणून '२' लिहिलंत तर काम सकाळी साडेसातला होईल. 'टाइमडेटसीटीएल'ने 'एशिया/कोलकाता' लावून घ्या, आणि जँगोच्या 'टाइम झोन'मध्येही तेच, नाहीतर परतीच्या तारखेवरून आणि दंडावरून टेबलावर भांडणं होतील.

मराठी पावतीचा मुद्दा राखून ठेवला होता. नव्या सर्व्हरवर पहिली पावती काढाल तेव्हा अक्षरांच्या जागी चौकोन दिसण्याची दाट शक्यता आहे. कोड बरोबर असतो, पण लॅपटॉपवर विंडोजने मंगल किंवा निर्मला फॉन्ट निमूटपणे पुरवलेला असतो आणि सर्व्हरवर देवनागरीचा एकही फॉन्ट नसतो. पँगोबरोबर नोटोच्या फॉन्टचं पॅकेज एपीटीने बसवा, 'एफसी-लिस्ट'ला मराठीचा भाषासंकेत 'एमआर' देऊन नोटो सान्स देवनागरी यादीत येतो का ते बघा, आणि गुनिकॉर्न पुन्हा सुरू करा. मग 'श्री', 'वर्गणी', 'दुरुस्ती', 'ऱ्हास' असे शब्द घालून एक पावती छापून बघा. रफार आणि जोडाक्षरं जागेवर बसली की पँगो नीट काम करतोय.

एसक्यूलाइट बदलायला हवं का? सहाशे सभासदांना नको. त्याची अडचण एवढीच की एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसरा पाच सेकंद थांबतो आणि मग 'डेटाबेस इज लॉक्ड' म्हणतो. तुमच्या तीन टेबलांवर हे क्वचित घडेल. घडलंच, तर एसक्यूलाइटची डब्ल्यूएएल पद्धत (लिहिताना वाचणाऱ्यांना न अडवणारी) चालू करा आणि जँगो ५.१पासून आलेला 'ट्रान्झॅक्शन मोड' इमिजिएट ठेवा. परवानगीची एक मेख आहे: डेटाबेसची फाइल लिहिता येण्याजोगी असून भागत नाही, ती ज्या फोल्डरात आहे तोही गुनिकॉर्नच्या वापरकर्त्याला लिहिता आला पाहिजे. एसक्यूलाइट शेजारी स्वतःची जर्नल फाइल बनवतो. नाही बनली की 'अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल', फाइल समोर दिसत असूनही. पुढे शिकायचं म्हणून पोस्टग्रेसवर गेलात तर नव्या वापरकर्त्यालाच त्या डेटाबेसचा मालक करा. आवृत्ती १५पासून नुसते सगळे अधिकार देऊन मायग्रेट चालत नाही, 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' येतं.

आता त्या तीन वर्षांच्या होस्टिंगचं. वाचनालयाची माहिती, वेळा, कार्यक्रमांचे फोटो, ईमेल हे सगळं तिथेच राहू द्या. त्याच्या डीएनएसमध्ये 'देवघेव' अशा अर्थाचं उपडोमेन करून त्याचा ए रेकॉर्ड व्हीपीएसच्या आयपीकडे वळवा. जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवणारा चार ए वाला (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड त्याच नावाला नाही ना, हे तपासा. असला तर आयपीव्ही६वाल्या मोबाइलवर जुनी साइट आणि वाचनालयाच्या ब्रॉडबँडवर नवी, असा गोंधळ होतो आणि लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्रही अडतं. प्रमाणपत्र सर्टबॉटने घ्या. ते ९० दिवसांचं असतं, नूतनीकरण आपोआप होतं, पण 'ड्राय रन' एकदा करून बघाच. एचटीटीपीएस आल्यावर लॉगिनला '४०३ सीएसआरएफ' आला तर 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये पत्ता घाला, आणि इथे मात्र पुढचं एचटीटीपीएस लावूनच. अलाउड होस्ट्सच्या बरोबर उलट. कुणी ठरवलं देव जाणे, पण लक्षात ठेवा.

बॅकअप रोज रात्री. चालू डेटाबेसची फाइल 'सीपी'ने उचलू नका, अर्धवट लिहिलेली निघू शकते. एसक्यूलाइटचीच 'बॅकअप' आज्ञा वापरा. मीडिया फोल्डर त्याच्याबरोबर. कंपनीचा आठवड्याचा बॅकअप यंत्राच्या किमतीच्या २० टक्क्यांत मिळतो, मंडळ सातशेच्या थोडं वर जायला तयार असेल तर तो घ्या, पण आठवड्यातून एकदा एक प्रत वाचनालयाच्या संगणकावर उतरवायचीच. आणि महिन्यातून एकदा ती प्रत लॅपटॉपवर उघडून शेवटचा दाखल क्रमांक नोंदवहीशी जुळतो का पाहा.

खातं मात्र स्वतःच्या ईमेलवर उघडू नका. वाचनालयाचा ईमेल, ग्रंथपालांचा मोबाइल, आणि शक्य असेल तर वाचनालयाचं कार्ड. उद्या तुम्ही नोकरीला पुण्याला गेलात आणि ओटीपी तुमच्या फोनवर येत राहिला तर इकडे टेबल बंद पडेल. परदेशी कंपनीचं दरमहाचं आपोआप पैसे कापणं भारतीय कार्डांवर ऑक्टोबर २०२१च्या ई-मँडेटच्या नियमांनंतर अनेकदा नाकारलं जातं. बिलाची तारीख ग्रंथपालांच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा, शेजारी डोमेनच्या नूतनीकरणाचीही.